न्हाणीची चूल

सव्वीस तारीख, आणि तिघींचे मिळून
एकशे सत्तर रुपये.
त्यातली वीसची चिल्लर उज्माच्या कंपासपेटीतली,
म्हणून तिच्या ओळखीच्या दुकानदाराने
आधी ती मोजली, मग कोंबडीकडे पाहिलं.
अर्धा किलो. हाडासकट.
"काळीज टाकू वर?"
तिघी एकदम म्हणालो, टाका.

कोबी अर्धा. पाव सहा.
भोपळी मिरची एकच, कारण ती तोळ्यावर विकतात
असा मैथिलीचा दावा आहे.
सोया सॉस नाक्यावरच्या चायनीजवाल्याने दिला,
दोऱ्याने बांधलेल्या पिशवीत,
डोळ्यांत घालायच्या औषधाइतका.
व्हिनेगर नव्हतं, कोकमाचं आगळ होतं.
तेच झालं व्हिनेगर.

आता जीभ बधिर करणारी एक चिनी मिरी हवी होती,
जी रत्नागिरीत कुणी ऐकलेली नाही.
मी ट्रंकेतून पुरचुंडी काढली:
तिरफळं. बांगड्यासाठी.
फक्त बांगड्यासाठी, असं आईने
एसटी हलेपर्यंत खिडकीशी उभं राहून बजावलेलं.
बिया टाकल्या, साली ठेचल्या.
मासळीच्या कॉलेजात शिकतो आम्ही,
कल्ले उघडतो, खवले मोजतो,
आणि बंदरावर जाऊन
सुरमईचा भाव तेवढा ऐकून येतो.

शेगडीवर आकडा अठराशेचा आहे,
खोलीची वायर आठशेच्या वर घाबरते.
मोठ्या आचेवर परता, हा एकच नियम,
आणि कोंबडी कढईत बसून घाम गाळत होती
तोंडी परीक्षेला बसल्यासारखी.
मग वीजच गेली.

खालून शिरधनकर काकूंचा आवाज:
"काय गो, शिजलं की विझलं?"
कढई फडक्यात धरून आम्ही जिन्यावर.
"पण काकू, तुमचा गुरुवार."
"माझा. चुलीचा नाही.
न्हाणीच्या चुलीला वार नसतो."

पाणी तापवायचा हंडा त्यांनी बाजूला ओढला,
नारळाची सुकी पोय आत सारली,
वर झावळीचे दोन तुकडे,
आणि ज्वाळ आली ती थेट कढईच्या कानापर्यंत,
एकाच, दुसरा कान तुटलेला आहे.
लसूण उडाला. सुक्या मिरच्या काळ्या पडल्या.
शेजारचा कुत्रा तीनदा शिंकला.
"परत गो, परत! थांबलीस की करपलं!"
हा शब्द मी फोनवर रोज ऐकते,
घरून, दुसऱ्या अर्थाने.
हात भाजत होता, मी परतत होते.
काकू नाकाला पदर लावून उभ्या,
एक पाऊलही मागे नाही.
"मी आपली वास घेत्ये. त्याने उपास मोडत नाही."

धुण्याच्या दगडावर बसून खाल्लं,
एका झाकणात, मोबाईलच्या उजेडात.
मिठाचा अंदाज चुकला होता. कोबी कच्चा.
तिखटाने मैथिलीच्या डोळ्यांतून पाणी, आणि तरी
तिचा पाव सगळ्यात पुढे.
काळजाचे तीन तुकडे केले,
मग चार.
चौथा वाटीत झाकून ठेवला,
कारण रात्री बारानंतर शुक्रवार लागतो
हे काकूंनी सहज, कुणी विचारलं नसताना,
सांगितलं होतं.

नऊला आईचा फोन.
जेवलीस? जेवले.
आई, तिरफळं संपली, पाठव.
थोडा वेळ ती गप्प. मग:
"इतके बांगडे खातंस काय गो थंय?"
ओठ अजून बधिर होते.
हो म्हणायला
जरा वेळ लागला.